इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी इंग्लिशचा कोर्स बनवायचाय? आधी कागद गोळा करा

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी इंग्लिशचा कोर्स बनवा असं सांगितलं की आपण शिक्षक मंडळी पहिलं काय करतो तर ग्रामरचं पुस्तक उघडतो, टेन्स, आर्टिकल्स, प्रिपोझिशन्स, मग थोडं पत्रलेखन, थोडं ग्रुप डिस्कशन, आणि उदाहरणांमध्ये मशीन, सर्किट, बॉयलर असे शब्द टाकले की झाला टेक्निकल इंग्लिशचा कोर्स तयार. माझा पहिला कोर्स अगदी असाच होता. मुलं पास झाली, मार्क पण चांगले पडले, आणि पुढच्या सेमिस्टरला मी त्यांचे लॅब रिपोर्ट मागवून बघितले तर एका ओळीचाही फरक नव्हता. तेच ते ‘सम प्रॉब्लेम वॉज देअर इन द बेअरिंग’. कारण सरळ होतं, जे काम या मुलांना इंग्लिशमधून करायचं होतं ते माझ्या कोर्समध्ये कुठंच नव्हतं.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं हेच की सिलॅबस लिहायला बसू नका. निदान तीन आठवडे नुसत्या चौकशीला द्या. कुणाला विचारायचं? शेवटच्या वर्षाच्या मुलांना, लॅब घेणाऱ्या शिक्षकांना, आणि दोनचार वर्षं नोकरी झालेल्या इंजिनिअर्सना, हे तिसरे लोक सगळ्यात महत्त्वाचे, कारण त्यांना कॉलेजमध्ये काय मिळालं नाही ते नुकतंच कळलेलं असतं. आणि कसं विचारायचं हे त्याहून महत्त्वाचं आहे. ‘तुम्हाला इंग्लिशची गरज वाटते का’ असा फॉर्म भरून घेतला तर शंभरातले शंभर हो म्हणतील आणि त्या हो मधून तुम्हाला काहीही मिळणार नाही. त्याऐवजी विचारा की गेल्या आठवड्यात इंग्लिशमध्ये काय काय वाचलंस, काय लिहिलंस, कुणाशी बोललास, कुठं अडलास, आणि अडल्यावर काय केलंस. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. एका मुलानं मला सांगितलं की डेटाशीट, म्हणजे एखाद्या पार्टची मापं आणि मर्यादा देणारा कागद, उघडली की तो फक्त टेबल बघतो, खालच्या नोट्स वाचतच नाही, त्यात काय असतं ते मित्राला विचारतो. आता डेटाशीटच्या टेबलखालच्या नोट्समध्येच तर अटी असतात, हा आकडा किती तापमानाला खरा आहे, किती वेळापुरता खरा आहे. त्या एका उत्तरानं माझ्या कोर्सचं पहिलं युनिट ठरलं.

टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स या भाषाशिक्षणाच्या दोन अभ्यासकांनी १९८७ मध्ये गरज या शब्दाचे तीन तुकडे पाडून दाखवले होते, कामाला काय लागतं, विद्यार्थ्याकडे काय कमी आहे, आणि त्याला स्वतःला काय हवंय. वाचायला सोपं वाटतं पण चौकशी सुरू केली की कळतं की या तीन गोष्टी तीन दिशांना ओढतात. मुलांना हवं असतं बोलणं, इंटरव्ह्यूत फाडफाड बोलता आलं पाहिजे. लॅबचे शिक्षक म्हणतात रिपोर्ट सुधारा. आणि नोकरी करणारे म्हणतात की दिवसभर वाचणंच जास्त असतं, मॅन्युअल, स्पेसिफिकेशन, दुसऱ्या टीमच्या ईमेल. इथं मुलांची इच्छा बाजूला सारून चालत नाही, कारण ज्याला जे हवंय ते त्याला दिसलंच नाही तर तो तिसऱ्या आठवड्यात मनानं वर्गाबाहेर जातो. मी काय करते, तर बोलण्याचा एक छोटा भाग पहिल्याच आठवड्यात ठेवते, पण तो डेटाशीट वाचून मगच करता येईल असा. बोलायला मिळालं म्हणून मुलं खूश, आणि वाचल्याशिवाय बोलता येत नाही म्हणून वाचनही होतं.

आता कागद. चौकशी करतानाच प्रत्येकाकडून खरे कागद मागा. डेटाशीट, लॅब मॅन्युअल, मेंटेनन्सच्या सूचना, ड्रॉइंगवरच्या नोट्स, मीटिंगचे मिनिट्स, बिघाडाचा रिपोर्ट, सेफ्टी शीट, प्रोजेक्ट रिपोर्ट, सॉफ्टवेअरवाले असतील तर बग रिपोर्ट. पंचवीस तीस कागद जमले तरी सुरुवातीला पुष्कळ झालं. कंपनीचे कागद असतील तर रीतसर परवानगी घ्या, नावं नंबर सगळे काढून टाका, आणि नाहीच मिळाले तर बनवणाऱ्यांच्या वेबसाइटवर डेटाशीट आणि मॅन्युअल उघड्यावर असतातच. हे कागद एका फोल्डरमध्ये साध्या टेक्स्ट फाइल करून ठेवा आणि अँटकाँक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात टाका, ते तुम्हाला कुठला शब्द किती वेळा आला, कुणाच्या शेजारी आला, हे सगळं दाखवतं. अर्ध्या दिवसात शिकता येतं. आणि एकदा हे बघितलं की आपल्या मनातले कितीतरी समज गळून पडतात.

उदाहरणार्थ शब्दसंग्रह. आपल्याला वाटतं मुलांना अवघड टेक्निकल शब्द शिकवायचे आहेत. पण टॉर्क, इम्पीडन्स, कॅपॅसिटर हे शब्द त्यांना आपल्यापेक्षा चांगले येतात, ते त्यांच्या विषयाचे शिक्षक शिकवतात, व्याख्येसकट शिकवतात. मुलं अडतात ती मधल्या शब्दांवर. एक तर रोजचे शब्द जे इंजिनिअरिंगमध्ये वेगळाच अर्थ घेऊन येतात, प्ले म्हणजे खेळ नाही, दोन भागांमधली ढिलाई, फटीग म्हणजे वारंवार भार येऊन धातूला येणारा थकवा, यील्ड म्हणजे धातूनं आपला मूळ आकार कायमचा सोडायला सुरुवात करणं. आणि दुसरे ते शब्द जे कुठल्याच विषयाचे शिक्षक शिकवत नाहीत कारण ते कुणाच्याच विषयाचे नसतात, सबसिक्वेंट, रिस्पेक्टिव्हली, अझ्यूम, इंडिकेट, नेग्लिजिबल. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा शब्दांची ५७० शब्दकुटुंबांची यादी केली होती, शैक्षणिक लिखाणातले साधारण १० टक्के शब्द त्यातलेच निघतात. खास इंजिनिअरिंगच्या पहिल्या टप्प्यातल्या कच्च्या मुलांसाठी जेरेमी वॉर्ड यांनी २००९ मध्ये फक्त २९९ शब्दांची यादी दिली. २९९! म्हणजे एका सेमिस्टरमध्ये सहज होण्यासारखं आहे. पण यादी पाठ करून घेऊ नका, तुमच्या फोल्डरमध्ये त्यातला जो शब्द आहे तो त्याच्या शेजाऱ्यांसकट शिकवा. लोडला अप्लाय लागतं, टेस्टला कंडक्ट किंवा कॅरी आउट लागतं, फोर्सला एक्झर्ट लागतं, सगळीकडे डू आणि गिव्ह लावून चालत नाही.

अजून एक गोष्ट जिच्यावर एक पूर्ण तास खर्च केला तरी तो वाया जात नाही, ती म्हणजे लांबलचक नामांच्या साखळ्या. ‘हाय प्रेशर फ्युएल पंप डिलिव्हरी व्हॉल्व्ह स्प्रिंग’. हे काय आहे? मुलांना सांगा की शेवटून वाचा. वस्तू आहे स्प्रिंग. कुणाची, व्हॉल्व्हची. कुठला व्हॉल्व्ह, डिलिव्हरीचा. कशाचा, पंपाचा. मराठीतही आपण ‘लोखंडी दाराची कडी’ म्हणताना मुख्य वस्तू शेवटीच ठेवतो, फक्त आपल्याकडे मधे ‘ची’ ‘चा’ असतात म्हणून नातं दिसतं, इंग्लिशमध्ये ते गळून पडलेले असतात, ते मनातल्या मनात परत लावायचे. हे एकदा दाखवलं की मुलांचे चेहरे खुलतात, मी हे प्रत्येक बॅचला बघितलंय.

ग्रामरचंही तसंच, जे कागदात आहे तेवढंच घ्या, पण ते नीट घ्या. पॅसिव्ह व्हॉइस घ्या ना. सगळीकडे सांगतात की सायंटिफिक लिखाणात पॅसिव्हच वापरायचं. १९८१ मध्ये एलेन टॅरोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोफिजिक्सचे दोन पेपर बारकाईनं तपासले तर त्यात ‘वुई’ लावून लिहिलेली सरळ वाक्यंही भरपूर निघाली, आणि त्यात एक शिस्त होती. जिथं लेखकांनी स्वतः काही वेगळा निर्णय घेतला तिथं ‘वुई’, आणि जिथं सगळे करतात तीच रूढ पद्धत वापरली तिथं पॅसिव्ह. प्रत्येक विषयात हे असंच असेल असं धरू नका, पण मुलांना हाच प्रश्न घेऊन त्यांच्याच शाखेचे पेपर तपासायला लावा, मग पॅसिव्ह हा नुसता वाक्य उलटं करायचा व्यायाम राहत नाही, कुठं का वापरलंय ते त्यांना दिसतं.

शॅल, शुड, मे, कॅन हे चार शब्द तर मी कधीच गाळत नाही. शाळेत शॅल म्हणजे आय आणि वुई नंतर येणारं भविष्यकाळाचं रूप. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या स्टँडर्डमध्ये शॅल म्हणजे बंधन, केलंच पाहिजे. शुड म्हणजे शिफारस, करावं हे बरं. मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. एखाद्या स्पेसिफिकेशनमधली पाच वाक्यं घ्या, हे शब्द अदलाबदल करून द्या आणि विचारा की आता कॉन्ट्रॅक्टरनं हे केलं नाही तर पैसे अडवता येतील का. एका शब्दावर केवढं काय अवलंबून आहे ते मुलांना लगेच कळतं, आणि एकदा का हे कळलं की ती स्वतःहून वाक्यं तपासायला लागतात.

आता शिकवायचं कसं, म्हणजे वर्गात नक्की काय करायचं. माझा अनुभव असा की प्रत्येक युनिटच्या शेवटी असं एक काम हवं ज्यात इंग्लिश चुकलं तर काम चुकतं. नुसतं मार्क जात नाहीत, काम चुकतं. एक सांगते. स्क्रू गेजनं तांब्याच्या तारेची जाडी मोजायच्या सूचना एका जोडीनं लिहायच्या, आणि दुसऱ्या जोडीनं जे लिहिलंय अगदी तेवढंच करायचं, डोकं वापरायचं नाही. एका जोडीनं लिहिलं, ‘पुट द वायर. टाइट द स्क्रू प्रॉपर्ली. टेक द रीडिंग.’ दुसऱ्या जोडीतल्या मुलीनं तार ठेवली आणि थिंबल, म्हणजे गेजची फिरवायची नळी, पकडून चांगला पिळून घट्ट केला, कारण लिहिलंच होतं तसं. तार मऊ, ती दबली. सूचना लिहिणाऱ्यांनी स्वतः मोजली तेव्हा ०.५२ मिलिमीटर आली होती, हिची आली ०.४९. लिहिणारा मुलगा उठून म्हणाला, अगं एवढं घट्ट नाही करायचं, मागचा रॅचेट फिरवायचा, टिकटिक आवाज येईपर्यंत. मी म्हटलं हे जे आत्ता बोललास ते लिही. तो अडला, कारण ‘येईपर्यंत’ला काय म्हणायचं ते त्याला सुचेना. फळ्यावर ‘अनटिल’ लिहिलं आणि त्यानं स्वतः वाक्य केलं, ‘टर्न द रॅचेट अनटिल इट क्लिक्स.’ आणि मग दुसरा म्हणाला की झिरो एरर, म्हणजे मधे काही नसताना गेज शून्य दाखवतं का, ते बघायचं लिहिलंच नाही, ते सगळ्यात आधी पाहिजे, म्हणून ‘बिफोर’ आलं. त्या तासाला मी अनटिल आणि बिफोर शिकवायला गेलेच नव्हते, ते कामातून वर आले, आणि त्या वर्गातली मुलं ते विसरली नाहीत.

सूचना लिहिण्याच्या युनिटला एक तयार नियमावली हाताशी ठेवा, विमानांच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी बनवलेलं सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश. त्यात सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं वाक्य २५ शब्दांचं, आणि एका शब्दाला एकच अर्थ. ‘फॉलो’ म्हणजे फक्त मागून येणं, नियम पाळण्यासाठी तो शब्द चालत नाही, तिथं ‘ओबे’ वापरायचं. मुलांना हे फार आवडतं कारण हे त्यांना इंजिनिअरिंगसारखंच वाटतं, माप आहे, मर्यादा आहे, तपासता येतं.

लॅब रिपोर्टसाठी मात्र वेगळी वाट. जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये रिसर्च पेपरच्या प्रस्तावनेत लेखक कुठल्या पायऱ्यांनी पुढं जातो ते मांडलं होतं, आधी विषयाचं क्षेत्र दाखवायचं, मग त्यातली रिकामी जागा, मग आपलं काम त्या जागेत बसवायचं. तीच नजर वापरून मुलांना चांगले पाच रिपोर्ट द्या आणि प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलनं लिहायला लावा की इथं लेखक काय करतोय, पद्धत सांगतोय, निकाल सांगतोय, की निकालाचं कारण देतोय. मग स्वतःचा जुना रिपोर्ट तसाच तपासायचा. बहुतेकांना दिसतं की कारण देणारा परिच्छेदच नाहीये. आणि ते बेअरिंगचं वाक्य घ्या, ‘सम प्रॉब्लेम वॉज देअर’. विचारत राहा, कुठं, कधी, किती, कशावरून कळलं. चाळीस मिनिटांनंतर हाउसिंगचं, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कवचाचं, तापमान ३८ वरून ७१ अंशांवर गेलं आणि घासल्याचा आवाज यायला लागला, हे त्याला माहीत असतंच, त्यानंच मोजलेलं असतं, लिहायचं असतं हे माहीत नसतं. रोझ फ्रॉम टू, आफ्टर, ड्यू टू एवढ्या चारपाच गोष्टींवर ते वाक्य उभं राहतं.

इथं एक भीती सगळ्यांनाच असते, मी इंजिनिअर नाही, मला काही येत नाही, मुलांनी विचारलं तर. विचारू दे की. तुम्हाला माहीत नाही हीच तुमची ताकद आहे, कारण तुम्ही खराखुरा प्रश्न विचारू शकता. हे बेअरिंग गरम का होतं ते मला इंग्लिशमध्ये समजावून सांगा, असं मी म्हणते तेव्हा मला खरंच माहीत नसतं आणि मुलाला ते जाणवतं, तो जीव तोडून सांगतो. विषय हा गाडीसारखा आहे, आपल्याला त्यातून भाषा न्यायची आहे. फक्त विषयातलं बरोबर चूक आपण ठरवायचं नाही, त्यासाठी एक विषयशिक्षक सोबत घ्या, दर तासाला यायला नको, युनिटचं काम ठरवताना आणि शेवटी तपासताना अर्धा अर्धा तास दिला तरी पुरतं.

बोलण्याच्या भागात आकडे मोठ्यानं वाचायला शिकवा, दशांश चिन्हं, घात, एककं, प्लस मायनस टॉलरन्स. लिहिलेलं समीकरण फोनवर दुसऱ्याला सांगून त्याच्याकडून लिहून घ्यायचं, एवढा साधा खेळ पण घाम फुटतो. समजलं नाही हे नीट सांगता येणंही शिकवावं लागतं, नुसतं ‘पार्डन’ नाही, नेमकं कुठला आकडा कळला नाही ते विचारणं. आणि प्रेझेंटेशन शिकवताना मी एक स्लाइड दाखवते. २००३ च्या जानेवारीत नासाचं कोलंबिया अंतराळयान उडताना फोमचा तुकडा पंखाला लागला होता, त्यावर इंजिनिअर्सनी बनवलेली स्लाइड अपघाताच्या चौकशी अहवालात छापलेली आहे. स्लाइडचं शीर्षक धीर देणारं आहे. आणि खरी गोष्ट सगळ्यात शेवटच्या ओळीत, लहान अक्षरात, की चाचणीत वापरलेला तुकडा ३ घनइंचाचा होता आणि लागलेला तुकडा अंदाजे १९२० घनइंचाचा. सिग्निफिकंट हा शब्द आणि त्याचं दुसरं रूप धरून त्याच स्लाइडवर पाच वेळा आलाय, वेगवेगळ्या अर्थांनी. १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं आणि सातही जण गेले. त्या स्लाइडमुळेच सगळं झालं असं कुणी म्हणू नये, कारणं बरीच होती, पण मुलांना ती स्लाइड नव्याने लिहायला द्या, शीर्षकात काय हवं, कुठला आकडा वर हवा, सिग्निफिकंटच्या जागी काय. वर्गात त्या वेळी जी शांतता असते ती मला अजून दुसऱ्या कुठल्या धड्याला मिळालेली नाही.

वेळेचं गणित. समजा १४ आठवडे आहेत आणि आठवड्याला ३ तास, म्हणजे ४२ तास. मी साधारण ६ तास डेटाशीट वाचन आणि शब्दांना देते, १२ सूचना आणि स्पेसिफिकेशनला, १५ रिपोर्टला, ९ प्रेझेंटेशनला. रिपोर्टला जास्त का, तर तो एकदा लिहून होत नाही, लिहा, दुसऱ्याला वाचायला द्या, परत लिहा, याला वेळ जातोच. वर्गात कच्ची पक्की मुलं एकत्र असणारच, त्यांच्यासाठी वेगळे कागद शोधत बसू नका, कागद एकच ठेवा आणि काम वेगळं द्या. एकानं डेटाशीटमधून सहा आकडे शोधायचे, दुसऱ्यानं दोन पार्टमधला कुठला घ्यावा ते कारणांसह लिहायचं.

चॅटबॉट आणि भाषांतराची टूल्स मुलं वापरणारच, त्याकडे डोळेझाक करून काही होत नाही. पहिला ड्राफ्ट वर्गात हातानं लिहून घ्या, मग टूलकडून सुधारून आणू दे, आणि नंतर प्रत्येक बदलापुढं लिहायचं की हा मान्य की अमान्य आणि का. टूल कधीकधी वाक्य गोड करताना आकड्याची अट उडवून टाकतं, ‘अप टू ८५ अंश’ मधलं अप टू गेलं की वाक्याचा अर्थच गेला, हे मुलांना स्वतः सापडलं पाहिजे.

परीक्षा शेवटी ठरवू नका, कोर्स बनवतानाच ठरवा, आणि रिकाम्या जागा भरा असली ठेवू नका, नाहीतर सगळा कोर्स त्याच दिशेला घसरतो. मी मार्क तीन गोष्टींना देते, वाचणाऱ्याला काम करता आलं का, आकडे आणि अटी बरोबर आल्या का, आणि मग भाषा. भाषेच्या चुका तपासताना पण सगळं लाल करायचं नाही, एका वेळी दोनतीन प्रकारच्याच चुका, म्हणजे या वेळी फक्त शॅल शुड आणि एककं. पहिला ड्राफ्ट आणि शेवटचा ड्राफ्ट दोन्ही जमा करून घ्यायचे, दोन्हींमधल्या फरकाला मार्क.

आणि कोर्स संपला की पुढच्या सेमिस्टरला विषयशिक्षकांकडून तुमच्याच मुलांचे चारपाच रिपोर्ट मागून आणा, नाव झाकून, आणि कोर्सच्या आधीच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचा. नोकरीला लागलेल्या जुन्या मुलांना वर्षातून एकदा तोच प्रश्न परत विचारा, गेल्या आठवड्यात काय वाचलंस, कुठं अडलास. असं विचारल्यामुळेच दुसऱ्या वर्षी माझ्या कोर्समधून पत्रलेखनाचा धडा अख्खा गेला आणि त्या जागी ड्रॉइंगवरच्या नोट्स वाचणं आलं, कारण तिघांनी मला वेगवेगळ्या वेळी एकच वाक्य सांगितलं होतं, ‘अनलेस अदरवाइज स्पेसिफाइड’, म्हणजे वेगळं काही सांगितलं नसेल तर, हे पहिल्या दिवशी ड्रॉइंगवर दिसलं आणि याचा अर्थ कुणाला विचारायचा ते कळेना.